खिडकी कोणत्या भाषेत घडवावी?



कामगार चळवळीत काम करणाऱ्या माणसाने अशा व्यासपीठावरून महागाई भत्ता, बोनस किंवा कंत्राटी कामगारांचे हाल यांविषयी बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. तेव्हा आज आम्ही घेतलेला विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. संगणकाच्या पडद्यावर ज्या खिडक्या, बटणे आणि याद्या दिसतात त्या घडविण्यासाठी कोणती प्रोग्रॅमिंग भाषा निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनियरांचा आहे. पण थोडा विचार करावा. बँकेच्या काउंटरवरील कारकून, रुग्णालयात केसपेपर काढणारी भगिनी, एस. टी.च्या आरक्षण-कक्षात बसलेला कर्मचारी, ही सारी माणसे दिवसाचे आठ तास या पडद्यावरच्या खिडकीसमोर घालवितात. विणकराला जसा माग आणि सुताराला जसा रंधा, तशी त्यांना ही खिडकी. ती त्यांच्या श्रमाचे अवजार आहे. आणि अवजार कसे असावे, ते मोडल्यास कोणी दुरुस्त करावे, त्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती असाव्यात, हे प्रश्न कामगार संघटनेच्या कक्षेबाहेरचे आहेत असे आम्हास वाटत नाही.

आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. युनियनच्या कचेरीत वर्गणीचे रजिस्टर सांभाळताना, पुस्तके चाळून आणि जाणत्या तरुणांना प्रश्न विचारून जे उमगले, तेच येथे मांडीत आहोत. सोयीसाठी एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. समजा, एका गावात कामगारांची एक पतपेढी आहे. सभासद दोन-तीन हजार. त्यांची नावे, शेअर्स, ठेवी, कर्जे आणि हप्ते आजवर वह्यांत आहेत; ते सारे संगणकावर आणावयाचे आहे. कारकुनाने पडद्यावर सभासदाचे नाव टंकावे, त्याचे खाते समोर यावे, हप्ता लिहावा, बटण दाबावे आणि पावती छापून निघावी. एवढेच काम. ते कोणत्या भाषेत लिहवून घ्यावे?

खिडकी म्हणजे काय?

जुन्या काळच्या प्रोग्रॅमची रीत न्यायालयातील उलटतपासणीसारखी होती. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो. यंत्र विचारी, 'खाते क्रमांक?' माणूस टंकी. यंत्र विचारी, 'रक्कम?' माणूस टंकी. क्रम यंत्राने ठरविलेला. माणसाने त्यामागून चालावयाचे. खिडकीचा प्रोग्रॅम याच्या उलट चालतो. तो किराणा दुकानदारासारखा गल्ल्यावर बसून असतो. कोणते गिऱ्हाईक येईल आणि काय मागेल, हे त्याला ठाऊक नसते. कोणी बटण दाबले, कोणी यादीतील नाव निवडले, कोणी खिडकी मिटली, की जी हाक येईल तिला ओ द्यावयाची आणि पुन्हा गल्ल्यावर येऊन बसावयाचे. पडद्यावरील प्रत्येक खिडकीच्या मागे असा एक दुकानदार अखंड बसलेला असतो.

यावरून आपल्या सर्वांच्या अनुभवाची एक गोष्ट उलगडते. खिडकी मधूनच गोठते. बटण दाबले तरी काही हालत नाही. असे का व्हावे? दुकानदार स्वतःच माल आणावयास मागच्या गोदामात गेला की गल्ला ओस पडतो, आणि बाहेरचे गिऱ्हाईक हाका मारीत राहते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दहा हजार नोंदी शोधण्याचे काम त्या गल्ल्यावरच्या दुकानदाराच्याच गळ्यात घातले, की खिडकी गोठणारच. शहाणा दुकानदार गोदामात गडी पाठवितो आणि आपण गल्ला सोडीत नाही. शिवाय गल्ल्याच्या पेटीला गड्याने हात लावावयाचा नाही, असाही दंडक असतो. खिडक्यांच्या बहुतेक सर्व व्यवस्थांत हाच नियम आहे: पडद्यावरच्या वस्तूंना हात लावावयाचा तो मुख्य धाग्यानेच, इतरांनी आपले काम करून त्याला निरोप द्यावा. गडी पाठविणे आणि त्याचा निरोप घेणे ज्या भाषेत सोपे, ती भाषा खिडकीच्या कामास बरी. सी-शार्प या भाषेने 2012 साली यासाठी सुटसुटीत शब्दरचना आणली आणि पुढे इतर अनेक भाषांनी तिचे अनुकरण केले. जावास्क्रिप्ट तर जन्मापासूनच हाकेला ओ देण्याच्या रीतीने चालणारी भाषा आहे.

हे आले कोठून?

पडद्यावरच्या वस्तूकडे बोट दाखवून यंत्राकडून काम करून घेण्याची कल्पना अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीर रीत्या दाखविली. माऊस हे त्यांच्याच प्रयोगशाळेतील साधन. त्यानंतर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात ॲलन के आणि त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक नावाची भाषा रचली आणि एकावर एक येणाऱ्या खिडक्या तिच्यात साकारल्या. 1981 साली झेरॉक्सचा स्टार, 1983 साली ॲपलचा लिसा आणि 1984 साली मॅकिंटॉश हे संगणक बाजारात आले, आणि खिडकी प्रयोगशाळेतून कचेरीत पोहोचली.

परंतु या वंशावळीचे मूळ पुरुष नॉर्वेचे आहेत, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगॉर यांनी 1960 च्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली. तिची 1967 ची आवृत्ती विशेष प्रसिद्ध आहे. जगातील वस्तू जशा आपापले गुण आणि आपापली वागणूक घेऊन असतात, तशाच प्रोग्रॅममध्ये असाव्यात, हा विचार तिने दिला. बटण ही एक वस्तू, यादी ही एक वस्तू; प्रत्येकीला आपले कर्तव्य ठाऊक. स्मॉलटॉकने हा विचार उचलला. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप यांनी सी++ रचताना तो सिम्युलातूनच घेतला. जावा, सी-शार्प, पायथन या सर्वांत तोच विचार आहे. हे न्यूगॉर पुढे कोणाच्या दारी गेले, ते शेवटी सांगू. आमच्या दृष्टीने विषयाचे सार तेथेच आहे.

भाषा आणि संच

आता मुख्य गैरसमजाकडे वळू. 'खिडक्यांसाठी कोणती भाषा चांगली?' असा प्रश्न जो तो विचारतो. पण खिडकी भाषेतून निघत नाही. भाषा ही गवंड्याची बोली. तयार दारे-खिडक्या पुरविणारी वखार निराळी असते. तिला या धंद्यात टूलकिट म्हणतात. आपण तिला संच म्हणू. बटण कसे दिसावे, अक्षर कसे उमटावे, टॅबची कळ दाबल्यावर पुढच्या चौकटीत कसे जावे, हे सारे संच पाहतो. एकाच वखारीतून निरनिराळ्या बोलींचे गवंडी माल नेऊ शकतात. क्यूट हा संच सी++ मध्ये लिहिलेला आहे, पण पायथनमधूनही तो तितक्याच सहजतेने वापरता येतो. जीटीके हा सीमध्ये लिहिलेला संच पायथनला खुला आहे, तसाच इतर भाषांनाही आहे. तेव्हा निवड करावयाची ती आधी वखारीची आणि मग बोलीची.

या वखारी तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारची वखार घरमालकाचीच दारे मागून घेते, म्हणजे विंडोजवर विंडोजची बटणे आणि मॅकवर मॅकची. डब्ल्यूएक्स-विजेट्स आणि पास्कल भाषेचा लाझारस हे या वर्गातले. दुसऱ्या प्रकारची वखार आपली दारे स्वतः घडविते आणि प्रत्येक घरात तीच बसविते. क्यूट, जावाचा स्विंग आणि गूगलचा फ्लटर हे या वर्गात येतात. तिसऱ्या प्रकारात एका खिडकीसाठी आख्खी खोलीच उचलून आणतात. इलेक्ट्रॉन हा 2013 साली निघालेला संच आपल्याबरोबर क्रोमियम हा सबंध ब्राउझर घेऊन येतो आणि खिडकी त्यात जावास्क्रिप्टने रंगवितो. त्यामुळे एखादा रिकामा प्रोग्रॅमदेखील शंभर मेगाबाइटांच्या वर जातो. उलट लाझारसने केलेला तसाच प्रोग्रॅम थोड्याच मेगाबाइटांत बसतो. ज्या कचेरीत दहा वर्षांपूर्वीचे संगणक अजून काम देत आहेत, तेथे हा फरक कारकुनाला रोज जाणवतो.

वेगाचा भ्रम

'ही भाषा त्या भाषेहून पन्नासपट वेगवान' असे दावे कानावर पडतात. मोठे गणित करावयाचे असेल तर त्यांना अर्थ आहे. खिडकीच्या बाबतीत मापाचे एकक माणूस आहे. दाबल्यापासून सुमारे एकदशांश सेकंदात उत्तर आले तर माणसाला ते तत्काळ आले असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडते. रॉबर्ट मिलर यांनी 1968 साली या दिशेने मांडणी केली आणि पुढे जेकब नील्सन यांनी 1993 साली ही तीन माने रूढ केली. पायथन ही संथ भाषा मानली जाते. पण बटण दाबल्यावर एका सभासदाचे खाते दाखविण्यास तिला एकदशांश सेकंद पुरून उरतो. विलंब होतो तो बहुधा डेटाबेसातील शोध नीट रचलेला नसल्यामुळे किंवा दुकानदार गोदामात गेल्यामुळे. याचा दोष भाषेच्या माथी मारणे म्हणजे पोस्टमन उशिरा आला म्हणून शाईला बोल लावण्यासारखे आहे.

पाच कसोट्या

मग निवड कशावरून करावी? आमच्या मते पाच कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी देवनागरीची. सभासद गोऱ्हे, कुऱ्हाडे, मुळ्ये असतील, आणि ती नावे पावतीवर नीट उमटली पाहिजेत. युनिकोडात 'क्षि' हे एक अक्षर चार चिन्हांचे असते: क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यांची जुळणी करून, वेलांटी आधी काढून, एक आकृती उभी करण्याचे काम संचाचे. क्यूट, जीटीके आणि ब्राउझर हे काम उत्तम करतात. टीके हा साधा व लोकप्रिय संच पायथनबरोबर फुकट येतो, पण लिनक्सवर त्याच्या जुन्या आवृत्त्या ही जुळणी करीत नसत आणि अक्षरे सुटी सुटी पडत. व्हिज्युअल बेसिक सहामधील नेहमीच्या चौकटींना तर युनिकोडातील देवनागरी कळतच नसे. म्हणून आपल्याकडे फाँटची युक्ती निघाली: रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवावयाचे. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठविलेले असे ते निरर्थक रोमन. तो फाँट गेला की वर्षांची नोंद वाचता येत नाही. याचा ताप महाराष्ट्रातील अनेक कचेऱ्यांनी आणि छापखान्यांनी भोगला आहे. आणखी एक बारकावा असा की, युनिकोडाच्या क्रमांकांत 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, तर आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. सभासदांची यादी मराठी क्रमाने लावावयाची तर भाषेजवळ त्याची तजवीज आहे की नाही, हे आधी विचारावे.

दुसरी कसोटी हातांची. दिवसाला दोनशे पावत्या करणारा कारकून प्रत्येक वेळी माऊसकडे हात नेऊ लागला तर संध्याकाळी त्याचे मनगट दुखणारच. सारे काम कळांवरून झाले पाहिजे. तसेच दृष्टिहीन कर्मचाऱ्याला पडदा वाचून दाखविणारी साधने आहेत. एनव्हीडीए हे त्यांपैकी विनामूल्य साधन ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांच्या उद्योगातून उभे राहिले. पण खिडकीने आपल्या बटणाचे नाव त्या साधनाला सांगितले तरच ते वाचता येते. घरमालकाची दारे वापरणारे संच हे बहुधा आपोआप सांगतात. स्वतः दारे घडविणाऱ्यांना ते मुद्दाम करावे लागते. क्यूट आणि स्विंग यांनी ते केले आहे. बरेच नवे संच येथे अजून अपुरे आहेत.

तिसरी कसोटी यंत्रांची. आज कचेरीत विंडोज आहे, उद्या लिनक्स येईल, परवा वसुली करणाऱ्याच्या हाती मोबाइल असेल. जी निवड एकाच घरमालकाच्या घरात चालते, तिचे भाडे तो घरमालक ठरवितो.

चौथी कसोटी दुरुस्तीची. प्रोग्रॅम लिहिला जातो एकदा आणि दुरुस्त होतो वर्षानुवर्षे. व्याजाचे नियम बदलतात, कर बदलतात, पावतीचा नमुना बदलतो. ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो मुलगा पुण्याला किंवा बंगलोरला नोकरीवर निघून जातो. आमच्या ओळखीच्या एका संस्थेत असेच झाले. प्रोग्रॅम उत्तम चालत होता. पण त्याचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो संस्थेकडे नव्हता आणि ती भाषा जाणणारा दुसरा माणूस गावात मिळेना. व्याजाचा दर बदलला, तेव्हा कारकून पडद्यावरची रक्कम पाहून हातांनी फरक काढीत आणि पावतीवर पेनने लिहीत. ही गोष्ट तीन महिने चालली. यंत्राने माणसाचे श्रम वाचवावयाचे, तेथे माणूसच यंत्राच्या चुका भरून काढू लागला. म्हणून आम्ही म्हणतो: गावात आणि जवळच्या कॉलेजात किती जणांना ही भाषा येते, आणि परक्याने लिहिलेला मजकूर तिच्यात किती सहज वाचता येतो, हे मोजावे. पायथनला येथे चांगले गुण मिळतात. सी आणि सी++ यांत स्मृतीचा हिशेब बव्हंशी लिहिणाऱ्याने स्वतः ठेवावयाचा असतो. त्यात चूक झाली की खिडकी अचानक मिटते आणि अर्धी भरलेली पावती जाते. क्षण क्षण मोजावयाच्या कामाला त्या भाषा लागतात; पतपेढीच्या पावतीसाठी त्यांची गरज नाही.

मालक कोण?

पाचवी कसोटी मालकीची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. 1991 साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले. बटण उचलावे, खिडकीवर ठेवावे, त्यामागे चार ओळी लिहाव्यात, एवढे ते सोपे होते. इंजिनियर नसलेल्या असंख्य माणसांनी त्यात आपापल्या कचेऱ्यांचे प्रोग्रॅम केले, आपल्याकडेही केले. 2002 साली कंपनीने त्याच नावाची नवी भाषा आणली, पण ती जुनीशी जुळणारी नव्हती. जुने प्रोग्रॅम जवळजवळ नव्याने लिहावे लागत. 2008 सालच्या एप्रिलमध्ये जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या कार्यशाळेला असलेला कंपनीचा आधार संपला. जुने प्रोग्रॅम विंडोजवर अजून चालतात, पण त्यांची दुरुस्ती करणे दर वर्षी अवघड होत जाते. त्याच कंपनीचे सिल्व्हरलाइट 2007 साली आले आणि 2021 साली त्याचा आधार संपला. ॲडोबचा फ्लॅश 2020 च्या अखेरीस बंद झाला. गूगलचा अँग्युलर-जेएस 2010 साली निघाला आणि 2021 अखेर त्याचाही आधार थांबला. कोणाचीही भाषा वाईट होती म्हणून असे झाले नाही. मालकाचे हित दुसरीकडे वळले, एवढेच त्याचे कारण. गिरणीमालकाने पैसा दुसऱ्या धंद्यात वळविला की गिरणीचे काय होते, हे या महाराष्ट्रात वेगळे सांगावयास नको.

याच्या विरुद्ध बाजूला एक बोधप्रद उदाहरण आहे. क्यूट हा संच नॉर्वेमधील ट्रोलटेक या कंपनीचा. तो 1995 साली प्रथम बाहेर आला. 1996 साली जर्मनीतील मॅथियास एट्रिख यांनी लिनक्ससाठी केडीई नावाची खिडक्यांची संपूर्ण व्यवस्था उभारण्याचे आवाहन केले आणि तिच्यासाठी क्यूट निवडला. क्यूटचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. यावर मोठा वाद झाला. 1997 साली मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी मेक्सिकोतून नोम हा दुसरा प्रकल्प याच कारणासाठी जीटीकेवर सुरू केला. केडीईच्या मंडळींनी मात्र आणखी एक गोष्ट केली, आणि ती आम्हा संघटनेच्या माणसांना फार जवळची वाटते. त्यांनी 1998 साली कंपनीबरोबर लेखी करार केला आणि त्यासाठी एक न्यास स्थापन झाला. करार असा: कंपनीने क्यूटची मुक्त आवृत्ती काढणे थांबविले, तर तो संच अत्यंत मोकळ्या परवान्याखाली सर्वांना खुला करण्याचा अधिकार त्या न्यासाला राहील. 2000 साली क्यूट पूर्ण मुक्त परवान्याखाली आला. पुढे मालक बदलत गेले. 2008 साली नोकियाने कंपनी घेतली, 2012 साली ती डिजियाकडे गेली, नंतर क्यूट कंपनी वेगळी निघाली. मालक आले आणि गेले, पण करार टिकला. मालक भला आहे की नाही यावर कामगार विसंबत नाही. तो करारावर विसंबतो. भाषा आणि संच निवडतानाही हेच शहाणपण उपयोगी पडते.

मग पतपेढीने काय घ्यावे?

एका कचेरीत दोन-तीन संगणक असतील आणि उद्या लिनक्सवर जाण्याचा विचार असेल, तर पायथन भाषा आणि क्यूट हा संच ही निवड आम्हास सर्वांत निर्धोक वाटते. पायथनला क्यूटशी जोडणारे दोन दुवे आहेत. पायसाइड हा दुवा एलजीपीएल या सैल मुक्त परवान्याखाली मिळतो. पायक्यूट मात्र जीपीएलखाली किंवा पैसे देऊन घ्यावा लागतो. कंत्राटदाराने यांपैकी कोणता वापरला, हे विचारून घ्यावे. संगणक फार जुने असतील आणि पास्कल जाणणारा भरवशाचा माणूस असेल, तर लाझारसने हलका व चपळ प्रोग्रॅम होतो, आणि तोही मुक्त आहे. सर्वत्र विंडोजच राहणार असे ठरलेले असेल, तर सी-शार्प व विंडोज फॉर्म्स यांना हरकत नाही. मायक्रोसॉफ्टने 2018 साली विंडोज फॉर्म्सचा मूळ मजकूर खुला करीत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे पूर्वीइतकी भीती उरलेली नाही. जावाचा स्विंग म्हातारा झाला आहे, पण अजून जावाबरोबर येतो. तरुण म्हणून आणलेला जावाएफएक्स मात्र 2018 साली जावाच्या मुख्य संचातून बाहेर काढला गेला. पाच गावांत शाखा असतील, तर ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम घ्यावा. तेथे देवनागरी चांगली, माणसे पुष्कळ आणि प्रत्येक संगणकावर वेगळी मांडणी करण्याचा त्रास नाही. जावास्क्रिप्टमधील तयार चौकटी मात्र ऋतूप्रमाणे बदलतात. म्हणून शक्य तितके साध्या ब्राउझरवरच भागवावे.

ज्या पतपेढीत आधीच एखादी भाषा जाणणारा विश्वासू माणूस आहे, तिने आमची यादी बाजूला ठेवून त्याची भाषा धरावी. यादीतील दोन गुणांच्या फरकापेक्षा हाताशी असलेला माणूस मोलाचा.

न्यूगॉर कामगारांकडे गेले

आता मघाशी अर्धी ठेवलेली गोष्ट. सिम्युलाचे जनक क्रिस्टन न्यूगॉर 1970 च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघाबरोबर काम करू लागले. संगणक कारखान्यात येत होते आणि त्यांचे ज्ञान फक्त व्यवस्थापनाजवळ होते. न्यूगॉर आणि त्यांचे सहकारी यांनी कामगारांसाठी सोप्या भाषेत पाठ्यपुस्तके तयार केली. कारखान्या-कारखान्यांतून अभ्यासमंडळे चालली. कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडले, ज्यांचे काम संगणकाच्या योजना तपासण्याचे. 1975 साली नॉर्वेच्या कामगार महासंघाने आणि मालक संघाने राष्ट्रीय पातळीवर करार केला: नवी संगणक व्यवस्था आणण्यापूर्वी कामगारांना समजेल अशा भाषेत तिची माहिती देण्यात यावी. पुढे 1981 पासून स्वीडन-डेन्मार्कमध्ये छपाई कामगारांच्या संघटनेबरोबर युटोपिया नावाचा प्रकल्प झाला. त्यात वृत्तपत्राची पाने जुळविण्याचे नवे यंत्र कसे असावे, हे कामगारांनी प्लायवूड, पुठ्ठा आणि कागद यांच्या नमुन्यांवर आधी करून पाहिले. प्रोग्रॅम मागाहून आला.

आपल्याकडेही हा विचार अगदी परका नाही. मुंबईच्या 1928 सालच्या गिरणी संपात माणशी जास्त यंत्रे लादण्याचा प्रश्न अग्रभागी होता. 1983 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाविषयी भारतीय बँक संघाबरोबर करार केला. पण आपले करार बहुतेक यंत्रे किती आणि माणसे किती, येथेच थांबले. यंत्र आतून कसे असावे, त्याची भाषा कोणती, त्याचा मजकूर कोणाच्या ताब्यात, येथवर आपण क्वचितच गेलो.

म्हणून शेवटी चार गोष्टी सुचवितो. पतपेढी, सहकारी सोसायटी, ग्रंथालय, शाळा, ज्यांना ज्यांना प्रोग्रॅम करून घ्यावयाचा आहे त्या सर्वांसाठी. एक, कोणतीही भाषा ठरविण्यापूर्वी कारकुनाला कागदावर खिडक्या काढावयास सांगाव्यात आणि त्या कागदांवर दिवसभराचे काम चालवून पाहावे. दोन, मूळ मजकूर संस्थेच्या ताब्यात राहील, हे करारात लिहून घ्यावे. तीन, सभासदांच्या नोंदी युनिकोडात आणि कोणत्याही दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात दर महिन्याला काढून ठेवाव्यात. चार, लिहिणाऱ्याने संस्थेतील निदान एका माणसाला दुरुस्तीपुरती ती भाषा शिकवावी, आणि त्या शिकण्याचे तास कामाचे तास म्हणून धरावेत.

ही चौथी अट लोकांना विचित्र वाटते. कारकून प्रोग्रॅमिंग कशाला शिकेल, असे विचारतात. रंध्याला धार कशी लावावी हे सुतार शिकतो. तुटलेला धागा जोडण्यास विणकर कंपनीच्या माणसाची वाट पाहत नाही. ज्याच्या हाती दिवसभर अवजार असते, त्याला ते उघडून आत पाहता आले पाहिजे. ज्या भाषेत हे साध्य होईल, ती भाषा आपली समजावी.